प्रार्थनेतले आम्ही

संध्याकाळची प्रार्थना संपत आली की आई आम्हा भावंडांची नावे एकेक करून देवापुढे घेत असे. थोरल्यापासून शेंडेफळापर्यंत, वयाच्या क्रमाने, आणि प्रत्येक नावानंतर एक श्वास घ्यावा इतकी थांबून. आम्ही नऊ जण होतो, पण नावे दहा घेतली जात. तिसऱ्या नावानंतर एक नाव असे येई की त्या नावाच्या भावाला पाहिल्याचे थोरल्या दोघांखेरीज कोणालाच आठवत नव्हते. जन्मानंतर सतराव्या दिवशी तो गेला होता. आईने त्याचे नाव क्रमातून कधी काढले नाही, शेवटी नेऊन ठेवले नाही आणि त्या नावापाशी तिचा आवाजही बदलला नाही. लहानपणी माझा त्यामुळे फार गोंधळ होई. घरात मी सहावी होते आणि प्रार्थनेत सातवी. डोळे मिटून मी बोटांवर मोजत असे आणि दर वेळी एक बोट जास्त भरे. "आई, तो तर आता नाही ना?" असे मी एकदा विचारले, तेव्हा ती हातातले काम न थांबवता म्हणाली, "नाही कसा? तुझ्या आधी नंबर आहे त्याचा."

घरच्या मोठ्या पवित्र शास्त्राच्या आरंभी जी कोरी पाने असतात, त्यांवर बाबांनी आमच्या नोंदी ठेवल्या होत्या. नाव, जन्म, बाप्तिस्मा असे तीन रकाने होते. पहिल्या ओळीतले अक्षर रेखीव आहे, दोन्ही बाजूंना पट्टीने समास आखलेला आहे; पुढे शाई बदलत जाते, समास नाहीसा होतो आणि शेवटच्या दोन ओळी तर एकाच बैठकीत उरकल्यासारख्या दिसतात. चौथ्या ओळीत बाप्तिस्म्याची तारीख जन्मानंतर अवघ्या तीन दिवसांची आहे, कारण बाळ अशक्त होते, आणि तिच्यापुढे समासाबाहेर आणखी एक तारीख लिहिलेली आहे. त्या ओळीचा कागद बाकीच्या पानापेक्षा गुळगुळीत झालेला आहे. तिच्यावरून बोट कोण फिरवत असे, ते मी कधी पाहिले नाही, पण पान बोटाखाली घेतले की कळते.

या ओळीमुळेच असेल, झेली मार्टिन यांच्याविषयी वाचताना मी पुस्तक मिटून बसले होते. फ्रान्समधील या बाईंना नऊ अपत्ये झाली आणि त्यांतली चार लहानपणीच गेली. ही मुले झालीच नसती तर बरे झाले असते, असे सांत्वन करायला लोक येत, आणि ते बोलणे आपल्याला सोसत नसे, असे त्यांनी पत्रात लिहिले आहे. मुलांच्या चिरंतन सुखापुढे आपल्या दुःखांचा तो काय हिशेब, आणि ती पुन्हा भेटणारच आहेत, असा त्यांचा भरवसा होता. त्यांचे सर्वांत धाकटे अपत्य म्हणजे पुढे संत म्हणून जगभर ओळखली गेलेली लिझ्यूची तेरेझ. 2015 च्या ऑक्टोबरात झेली आणि त्यांचे पती लुई यांनाही कॅथलिक मंडळीने एकत्रच संत म्हणून घोषित केले. मला मात्र संतपदापेक्षा ते पत्र जवळचे वाटते. आपली मुले किती, या प्रश्नाला 'नऊ' असे उत्तर देण्याचा हक्क त्या बाईंनी कोणाला हिरावू दिला नाही. आमच्या आईनेही दहाच्या हिशेबात कधी एक उणा केला नाही.

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना मी बोलू लागल्यापासून म्हणत आले आहे. तिच्यात 'मी' हा शब्द एकदाही येत नाही, हे लक्षात यायला मात्र माझी पंचविशी उलटावी लागली. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' येथपासून भाकर, ऋण, परीक्षा, सुटका, सगळे काही 'आम्हाला' आणि 'आमचे' आहे. मराठीत तर ते अधिकच नेमके होते, कारण आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'आपण' म्हटले की ऐकणाराही त्यात येतो. 'आम्ही' म्हटले की तो समोर राहतो. देवाला उद्देशून 'आम्ही' म्हणताच तो एका बाजूला होतो आणि उरलेली सगळी माणसे बोलणाऱ्याच्या बाजूला येऊन बसतात. आपल्या बाजूला कोणी बसावे, हे ठरवण्याचा अधिकार बोलणाऱ्याला नसतो. लहान कुटुंबातही हे खरेच आहे, पण अकरा माणसांच्या घरात ते रोज संध्याकाळी अंगाला लागते, कारण ज्याच्याशी दुपारी भांडण झालेले असते त्याचेच कोपर आपल्या कोपराला टेकलेले असते.

एक संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. खिडकीकडच्या गादीवरून माझे आणि माझ्याहून दीड वर्षाने मोठ्या बहिणीचे भांडण झाले होते आणि त्या भरात तिने माझ्या वहीचे पान फाडले होते. प्रार्थनेला आम्ही नेहमीच्या क्रमाने, म्हणजे शेजारी शेजारी, गुडघे टेकले. मी अंग चोरून घेतले होते, पण जागाच तेवढी होती. ऋण सोडण्याची, म्हणजे दुसऱ्याला क्षमा करण्याची ओळ जवळ येऊ लागली तसा माझा आवाज आपोआप खाली गेला. मी गप्प राहिले तर बाबांच्या लक्षात येईल आणि म्हटले तर ते खोटे होईल, अशा कात्रीत मी सापडले होते. तेवढ्यात माझ्या ध्यानात आले की शेजारून येणारा आवाजही तसाच खाली गेला आहे. त्या एका ओळीपुरत्या आम्ही दोघी ओठ हलवत होतो आणि आवाज बाकीच्या नऊ जणांचा होता. आमेन झाल्यावर आम्ही एकमेकींशी अक्षरही बोललो नाही. रात्री मात्र तिने आपली उशी उचलली आणि भिंतीकडच्या गादीवर टाकली.

ती ओळ आम्ही दोघींनी म्हटली नाही, तरी ती आमच्या वतीने म्हटली गेली, असे आज मला वाटते. माझ्यापाशी क्षमा नव्हती तेव्हा घरापाशी होती. विश्वासाच्या बाबतीत मोठ्या कुटुंबाने मला जे दिले, त्यात याहून मोलाचे मला काही सापडत नाही. एका आवाजावर प्रार्थना अवलंबून नव्हती. कोणी आजारी असे, कोणी रुसलेले असे, कोणाला झोप अनावर झालेली असे, आणि तरी ती वाहत्या पाण्यासारखी चालत राही; ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने पुन्हा तिच्यात उतरावे.

येथे बाबांची एक चूकही सांगितली पाहिजे. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा, हे पौलाचे इफिसकरांना लिहिलेले वचन त्यांना फार प्रिय होते आणि त्याची अंमलबजावणी ते घड्याळ लावून करत. भांडलेल्या दोघांना उभे करून 'चुकलो' आणि 'माफ केले' अशी दोन वाक्ये वदवून घेतली की प्रकरण मिटले, अशी त्यांची समजूत होती. ते वचन राग आलेल्या माणसाने स्वतःला सांगायचे आहे. दुसऱ्याच्या तोंडून ते वसूल करता येत नाही. आम्ही सगळे ती दोन वाक्ये बिनचूक म्हणायला शिकलो आणि त्यांतली कितीतरी खोटी होती. ज्या रात्री उशी उचलली गेली, त्या रात्री बाबांना भांडणाचा पत्ताही नव्हता, आणि ते बरेच झाले.

बाहेरच्या माणसाला धार्मिक कुटुंब म्हटले की शांतता आठवते. आमच्या घरातली भक्ती शांत कधीच नव्हती. शास्त्रपाठ चालू असताना कोणी तरी कोणाला चिमटा काढत असे, ज्याची वाचायची पाळी असे तो ओळीखालून बोट सरकवत अडखळत वाचे आणि लांबलचक वंशावळी आल्या की थोरल्यांना हसू आवरत नसे. मुलांना देवाच्या आज्ञा घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना शिकवाव्यात, असे पवित्र शास्त्रातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. त्यात वेगळा तास नाही, वेगळी खोली नाही, सगळी रोजच्या धबडग्याचीच ठिकाणे आहेत. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी 1529 मध्ये जी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यातही घरच्या कर्त्याने आपल्या घरच्यांना हे सोपे करून कसे सांगावे, असे मथळ्यातच म्हटले आहे आणि सकाळी उठल्यावर व रात्री निजताना म्हणायच्या लहान प्रार्थना दिल्या आहेत. ते लिहिणाऱ्या माणसाचे घर कसे होते, हे ठाऊक असले की त्या पानांचा सूर वेगळा लागतो. विटेनबर्गच्या जुन्या मठात ल्यूथर आणि त्यांची पत्नी कॅथरिना यांची सहा मुले झाली. त्यांशिवाय नात्यातली पोरकी मुले, राहायला असलेले विद्यार्थी आणि पाहुणे यांचा राबता तेथे कायम असे. त्यांची पहिली मुलगी वर्षाची होण्याआधी गेली आणि माग्दालेना तेराव्या वर्षी, 1542 मध्ये, वडिलांच्या मिठीत गेली. इतक्या वर्दळीच्या घरात लिहिलेली प्रार्थना लांबलचक असणे शक्यच नव्हते.

पण गर्दीत एक गोष्ट खरोखरच हरवते. येशूने सांगितले आहे की प्रार्थना करायची तेव्हा आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. आमच्या घरात लावून घेण्यासारखे दार नव्हते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले ते दाराचे वचन आणि 'आमच्या पित्या' ही प्रार्थना यांच्यात फक्त तीन ओव्यांचे अंतर आहे, म्हणजे आधी एकट्याचे बंद दार आणि लगेच सगळ्यांची प्रार्थना. ही दोन्ही वाक्ये एकाच दमात कशी सांगितली असतील, याचा मी अनेक वर्षे विचार केला आहे. आई त्यासाठी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून जिन्याच्या तळच्या पायरीवर बसत असे. मला एकदा जाग आली, तेव्हा ती तेथे भिंतीला डोके टेकून बसलेली दिसली; ओठ हलत नव्हते, हातात काही नव्हते. मी जवळ जाणार होते, पण का कोण जाणे, गेले नाही. तिच्या दिवसभरातली तेवढी एकच जागा तिची होती.

आणि एकदा माझे नाव राहिले. त्या आठवड्यात धाकटी तापाने फणफणलेली होती, आई तीन रात्री जागी होती आणि प्रार्थनेत नावे घेताना सहाव्यावरून ती थेट माझ्यामागच्या भावावर गेली. मी श्वास रोखून थांबले. कोणाच्याच लक्षात आले नाही. सगळ्यांनी आमेन म्हटले, मीही म्हटले आणि अंथरुणात तोंड खुपसून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी नाव पुन्हा जागेवर आले आणि पुढे ते कधीच चुकले नाही. मी ही गोष्ट आईला सांगितली तेव्हा मी चाळिशीची होते. ती इतकी कावरीबावरी झाली की मला वाटले, सांगितले नसते तर बरे. ती एवढेच म्हणाली, "त्या दिवशी तुला ओढून जवळ घ्यायला हवे होते ग. पण तू कधी काही मागायचीच नाहीस." मधली मुले मागत नाहीत. थोरल्यांना जबाबदारी मिळते, धाकट्यांना मांडी मिळते आणि मधल्यांना समजूतदारपणाचे नाव मिळते.

म्हणूनच सुझॅना वेस्ली यांचा गुरुवार मला विसरता येत नाही. इंग्लंडमधील एपवर्थ येथल्या पाळकांच्या या पत्नीला एकोणीस मुले झाली आणि त्यांतली दहा जगली. 1709 च्या फेब्रुवारीत त्यांचे राहते घर आगीत भस्मसात झाले. पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला होता आणि त्याला खिडकीतून कसेबसे बाहेर काढले गेले. घर पुन्हा उभे राहीपर्यंत मुले वेगवेगळ्या घरी ठेवावी लागली आणि परत आली तेव्हा ती बदललेली आहेत, असे आईला जाणवले. मग त्यांनी आठवड्याच्या संध्याकाळी मुलांमध्ये वाटून टाकल्या. रोज एका मुलाला घेऊन, त्याच्याशी एकट्याशी बोलत बसायचे. गुरुवार जॉनचा होता, शनिवार चार्ल्सचा, आणि रविवारी दोन मुलींचा मिळून. पतीला 1712 मध्ये लिहिलेल्या पत्रात ही वाटणी नावानिशी दिलेली आहे. पुढे जॉन ऑक्सफर्डला शिकवू लागला, तिशीकडे झुकला आणि 1732 मध्ये त्याने आईला लिहिले की त्या गुरुवारच्या संध्याकाळचा थोडासा वाटा तू आता वेगळ्या रीतीने मला दिलास तर माझे भले होईल. मेथडिस्ट चळवळीचा हा प्रवर्तक पुढे घोड्यावरून हजारो मैल फिरला आणि असंख्य लोकांसमोर बोलला. पण त्याच्याविषयी वाचताना मला दिसतो तो आपला वार लक्षात ठेवणारा पोर. एवढ्या मोठ्या घरात प्रत्येकाला जेवढे मिळणे शक्य होते, तेवढे त्याला मिळाले होते, आणि ते जन्मभर पुरले.

आमच्या घरी असा वार कोणाचाच नव्हता, आणि तो असायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. मुले म्हणजे वीराच्या हातातले बाण, ज्याचा भाता त्यांनी भरलेला तो धन्य, हे 127 वे स्तोत्र मोठ्या कुटुंबांसमोर मोठ्या प्रेमाने वाचले जाते. ते वचन मला परके नाही. आमच्या घरातला आनंद खरा होता. पण ते आईवडिलांकडे पाहून वाचले जाते, थोरल्या बहिणीकडे पाहून कोणी वाचत नाही. आमच्या ताईने वयाच्या आठव्या वर्षापासून पाच पोरे कडेवर वागवली. तिचे शिक्षण लवकर थांबले आणि त्याला कोणी निर्णय असे नावही दिले नाही, ते आपोआप झाले. मरिया येशूच्या पायांशी बसली आणि तिची बहीण मार्था कामात बुडाली, हा लूकमधला प्रसंग घरी निघाला की ताई उठून जाई. येशूने मार्थेला दटावले असेल, पण तिला त्याने दोनदा नावाने हाक मारली, 'मार्था, मार्था' अशी, हे ताईला मी पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती पन्नाशी ओलांडून गेली होती. तिने ते पान काढून स्वतः वाचले आणि बराच वेळ उघडेच ठेवले.

आता दादाविषयी. दर रविवारी उपासनेत आणि मोठ्या सणांना घरीही आम्ही प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आपली श्रद्धा कबूल करण्याचा ठरलेला पाठ, म्हणत असू. प्रभूची प्रार्थना जशी सगळी 'आम्ही'ची आहे, तसा हा विश्वासांगीकार सगळा 'मी'चा आहे. लॅटिनमध्ये त्याचा पहिला शब्दच 'मी विश्वास धरतो' असा आहे. सगळे मिळून म्हणायचे, पण प्रत्येकाने आपल्यापुरते. दादा एकोणीस वर्षांचा असताना एका रविवारी दुपारी बाबांना म्हणाला, "बाबा, प्रार्थना मी म्हणेन. त्यात आम्ही आहे, आणि मी तुमच्यातला आहेच. पण 'मी विश्वास धरतो' हे मला म्हणता येत नाही. ते खोटे होते."

घरात कोणी मेल्यासारखी शांतता पसरली. बाबांना संताप आला, आणि संतापापेक्षा भीती जास्त वाटली असावी, हे आज कळते. आठ पोरे थोरल्याच्या मागे चालतात, हे त्यांना ठाऊक होते. या घरात राहायचे असेल तर घराच्या रीतीने राहावे लागेल, असे ते बोलून गेले. दादाने पिशवी भरायला घेतली. तेव्हा आई, जी बाबांना सर्वांसमोर कधी उलटून बोलत नसे, दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्याने खोटे बोलायचे नाकारले आहे. ते आपणच शिकवले ना त्याला?"

वेस्लींच्याच घरात असा एक प्रसंग घडला होता, तो मला फार उशिरा वाचायला मिळाला. 1702 च्या सुमारास सॅम्युएल वेस्ली यांच्या लक्षात आले की राजा विल्यमसाठी आपण घरच्या प्रार्थनेत विनंती केली की पत्नी 'आमेन' म्हणत नाही. सुझॅना त्याला खरा राजा मानत नव्हत्या आणि न पटलेल्या गोष्टीला आमेन म्हणायला त्यांनी साफ नकार दिला. सॅम्युएल यांनी संसारच मोडीत काढला आणि ते निघून गेले. काही महिन्यांनी परतले, आणि 1703 च्या जूनमध्ये जॉन जन्मला. एका न उच्चारलेल्या आमेनमुळे ते घर जवळजवळ फुटले होते. ती बाई श्रद्धेत कोणाहून उणी नव्हती. आमेन म्हणजे 'तसेच असो', आणि तसे असावे असे वाटत नसेल तर ते म्हणू नये, एवढेच ती पाळत होती.

दादा गेला नाही. बाबांनी पुढे काही दिवस त्याच्याशी बोलणे टाकले आणि मग एका संध्याकाळी, काही घडलेच नाही अशा आवाजात, शास्त्र त्याच्या हाती देऊन म्हणाले, "वाच. तुझ्यासारखे कोणी वाचत नाही." दादाने वाचले. तेव्हापासून घरी असला की तो शास्त्रपाठ वाचे, प्रार्थनेला बसे आणि विश्वासांगीकाराच्या वेळी उभा राहून गप्प राही. आम्ही लहानांनी ती शांतता ऐकायची सवय करून घेतली. माझ्या विश्वासाला तिने धक्का दिला नाही. उलट दादा गप्प असताना मला माझे 'मी' स्वतःच्या कानांनी ऐकू येऊ लागले, आणि ते मला खरोखर म्हणायचे आहे का, असे मी स्वतःला पहिल्यांदा विचारले. मला म्हणायचे होते, आणि आजही आहे.

योहानाने स्पष्ट लिहिले आहे की येशूच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. हे भाऊ सख्खे होते की नात्यातले, यावर वेगवेगळ्या मंडळ्यांचे मत वेगळे आहे. पण ते त्याच्या घरातले होते, एवढे खरे. पुढे प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात तेच भाऊ त्याच्या आईसह प्रार्थनेत बसलेले दिसतात. मधे त्या घरात काय घडले, रात्रीच्या पंगतीला काय बोलणे झाले, मरियेने कोणाला काय सांगितले, याविषयी शास्त्रात एक शब्द नाही. दादाविषयी बोलताना आई नेहमी ही दोन ठिकाणे सांगे आणि मधल्या जागेवर बोट ठेवून म्हणे, "आपण सध्या इथे आहोत." तिने दादाच्या वतीने कधी निकाल काढला नाही आणि त्याला वादात ओढले नाही. बाबांना मात्र तो सल अखेरपर्यंत राहिला.

येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घर सोडून गेलेला धाकटा परत येतो, तेव्हा घरी राहिलेला थोरला मुलगा बापाला म्हणतो, 'हा तुमचा मुलगा', आणि बाप उत्तर देताना म्हणतो, 'हा तुझा भाऊ'. सगळा दाखला मला या एका सर्वनामात उतरलेला दिसतो. आमच्या घरात थोरलाच दूर गेलेला होता आणि आम्ही घरी राहिलेले. त्याच्याविषयी आम्ही आईपाशी 'तुझा मुलगा' असे बोललो आहोत, रागाच्या भरात, एकदा नव्हे अनेकदा. प्रत्येक वेळी ती शांतपणे 'तुझा दादा' असे दुरुस्त करी.

बाबा आधी गेले आणि सहा वर्षांनी आई. तिच्या दफनाच्या संध्याकाळी आम्ही नऊ जण जुन्या घरात त्याच खोलीत बसलो. आता जागा पुरेशी होती, कारण कोणीही आपापल्या संसाराला बरोबर आणले नव्हते, तसे आम्ही न ठरवता केले होते. शास्त्रपाठ दादाने वाचला. प्रार्थना ताईने सांगितली. ती संपत आली आणि ताई अडली, कारण पुढची जागा नावांची होती आणि ती जागा आईची होती. कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. माझे डोळे मिटलेले होते आणि बोटे आपोआप मोजायच्या तयारीत आली होती.

तेवढ्यात दादाचा आवाज आला. त्याने ताईचे नाव घेतले आणि श्वास घेण्याइतका थांबला. मग तिसरे नाव. मग सतरा दिवसांच्या त्या भावाचे, जो त्याने पाहिला होता आणि मी नव्हता. त्या नावापाशी त्याचा आवाज बदलला नाही. क्रम त्याला आमच्यापैकी कोणाहूनही चोख ठाऊक होता. सातव्या जागी माझे नाव आले आणि मी श्वास सोडला. दहावे नाव घेऊन तो थांबला, आणि तेव्हा आमच्या लक्षात आले की त्याने सुरुवात दुसऱ्यापासून केली होती, स्वतःचे नाव घेतलेच नव्हते. ते धाकटीने घेतले, आईसारखेच, नुसते नाव, पुढेमागे काही नाही. मग आमेन झाले. दादाने ते म्हटले की नाही, हे मला माहीत नाही. माझे डोळे मिटलेले होते.